मुळापासून बियांपर्यंत : वनस्पतीच्या प्रत्येक भागातील पोषण

आहार म्हटला की भाकरी, वरण, भाजी, भात अशी पदार्थांची नावे आपल्या ओठांवर येतात. हे पदार्थ वनस्पतीच्या कोणत्या भागापासून तयार झाले आहेत, हा विचार मात्र सहसा मनात येत नाही. ज्वारी, गहू, तांदूळ, तूर आणि हरभरा ही सारी बियाणी आहेत. गाजर व मुळा ही मुळे आहेत. बटाटा जमिनीखाली वाढत असला तरी तो मूळ नव्हे, खोड आहे. आणि कांदा म्हणजे एकमेकांभोवती गुंडाळलेल्या मांसल पानांचा गड्डा आहे. फुलकोबी हा न उमललेल्या फुलोऱ्याचा गुच्छ, तर वांगे, भेंडी आणि टोमॅटो ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने फळे होत. आपले ताट या नजरेने पाहिले, तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. बहुतेक घरांत रोज पोट भरते ते बियांनी आणि कंदांनी. पाने, फुले, कोवळी खोडे आणि साली यांचा वाटा अगदी थोडा असतो.

हा वाटा थोडा असल्याने काय बिघडते, हे पाहण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. २०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशात १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलींमध्ये हे प्रमाण ५९.१ टक्के, तर सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांमध्ये ६७.१ टक्के होते. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. जंत, हिवताप, लहान वयातील बाळंतपणे आणि आनुवंशिक आजार हीही त्यांत येतात. तरीही आहारातील लोह, फॉलेट आणि ‘क’ जीवनसत्त्व यांची कमतरता हे त्यांतील मोठे कारण आहे. वर्गात मागच्या बाकावर पेंगणारी, धावताना लवकर दमणारी, पाठांतर करूनही विसरणारी मुलगी आळशी नसते. अनेकदा तिच्या रक्तातच बळ नसते. निवासी शाळेत मुलांना शिकविताना आणि त्यांच्या ताटाची काळजी वाहताना हा प्रश्न आम्हांला रोज भेटतो. म्हणूनच या स्मरणिकेच्या निमित्ताने पालक, माजी विद्यार्थी आणि समाजबांधव यांच्यापुढे या विषयाचा थोडा अभ्यास मांडावा, असे आम्हांला वाटले.

प्रत्येक भागाचे काम वेगळे, म्हणून त्यातील साठा वेगळा

वनस्पतीच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळी पोषकद्रव्ये का असतात, याचे उत्तर त्या भागांच्या कामात आहे.

पान हे वनस्पतीचे स्वयंपाकघर. सूर्यप्रकाश, पाणी आणि हवेतील कर्बवायू यांपासून ते अन्न तयार करते. या कामासाठी पानात हरितद्रव्य लागते आणि हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो. प्रखर उन्हापासून पेशींचे रक्षण करण्यासाठी पानात बीटा-कॅरोटीनसारखी रंगद्रव्ये असतात. आपले शरीर त्यांपासून ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते. शिवाय पानांत लोह, कॅल्शियम, फॉलेट, ‘क’ आणि ‘के’ जीवनसत्त्वेही असतात. म्हणजे पानाचा आहारातील मान रोजच्या कामाला लागणाऱ्या सूक्ष्म द्रव्यांमुळे आहे.

मूळ आणि कंद ही वनस्पतीची कोठारे होत. तयार झालेले अन्न पुढच्या हंगामासाठी पिष्ट किंवा साखर या रूपात येथे साठविले जाते. त्यामुळे रताळे, बटाटा, सुरण यांपासून ऊर्जा चांगली मिळते. प्रथिने व लोह मात्र बेताचे असते. आपल्या परिचयाचा साबुदाणा हे याचे टोकाचे उदाहरण आहे. तो कसावा नावाच्या वनस्पतीच्या मुळातील पिष्टापासून बनतो आणि त्यात पिष्टाखेरीज जवळजवळ काहीच नसते. साबुदाण्याच्या खिचडीत जे काही प्रथिन असते, ते शेंगदाण्याच्या कुटाचे असते.

खोड वनस्पतीला आधार देते व पाणी वाहून नेते. म्हणून त्यात तंतूंचे प्रमाण अधिक असते. हे तंतू आपल्याला पचत नाहीत, पण ते शौचास साफ होण्यास मदत करतात आणि आतड्यातील उपयुक्त जिवाणूंचे खाद्य बनतात.

फळ हे बी दूरवर पोहोचविण्याचे साधन. प्राण्यांनी व पक्ष्यांनी ते खावे यासाठी ते गोड, रसाळ आणि रंगीत झाले. त्यात पाणी, साखर, ‘क’ जीवनसत्त्व आणि रंगद्रव्ये असतात. बहुतेक फळांच्या सालीत किंवा सालीलगत तंतू आणि रंगद्रव्ये अधिक प्रमाणात आढळतात.

बी म्हणजे पुढच्या पिढीची शिदोरी. कोंब मातीबाहेर येऊन त्याला स्वतःचे पान फुटेपर्यंत लागणारे सारे काही त्यात बांधून दिलेले असते. म्हणूनच प्रथिने, तेल, जस्त, मॅग्नेशियम आणि ‘ब’ गटातील जीवनसत्त्वे बियांत एकवटलेली असतात.

एवढे ध्यानात घेतले की पुढचा निष्कर्ष आपोआप निघतो. कोणताही एक भाग दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. कंदाने पानाची उणीव भरून निघत नाही आणि पानाने बियांची. ज्या ताटात वनस्पतीचे अनेक भाग येतात, ते ताट साधे असले तरी पूर्णतेच्या जवळ जाते.

इतिहासातील दोन धडे

वनस्पतीचा एखादा भाग टाकून दिला की काय होते, हे विज्ञानाला फार मोठी किंमत मोजून कळले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आग्नेय आशियात बेरीबेरी या रोगाने असंख्य माणसे दगावत होती. हातपाय बधिर होणे, अंगावर सूज येणे आणि शेवटी हृदय बंद पडणे ही त्याची लक्षणे. डच डॉक्टर क्रिस्तियान आइकमन हे जावा बेटावर या रोगाचे जंतू शोधत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांना तशाच प्रकारचा पांगळेपणा आला आणि काही महिन्यांनी तो नाहीसाही झाला. तपास करता असे आढळले की, मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी रुग्णालयातील पांढरा शुभ्र, सडलेला भात घातला जात होता. तो बंद होऊन कोंड्यासह असलेला तांदूळ मिळू लागताच त्या बऱ्या झाल्या. पुढे आइकमन यांचे सहकारी खेरित ग्राइन्स यांनी या निरीक्षणाचा खरा अर्थ लावला : तांदळाच्या वरच्या पापुद्र्यात शरीराला अत्यावश्यक असे काहीतरी आहे आणि ते काढून टाकल्यामुळे रोग होतो. त्या द्रव्याला आज आपण थायमिन किंवा ‘ब-१’ जीवनसत्त्व म्हणतो. आइकमन यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

कोकणात आणि गोव्यात उकडा तांदूळ खाण्याची जी जुनी रीत आहे, तिचे मोल या पार्श्वभूमीवर समजते. भात सालीसकट उकडल्याने कोंड्यातील जीवनसत्त्वाचा काही अंश दाण्याच्या आत उतरतो आणि नंतर भरडला तरी तो टिकून राहतो.

दुसरा धडा आपल्या मुंबईतील आहे. ब्रिटिश डॉक्टर ल्यूसी विल्स या १९२८ साली मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. या स्त्रियांच्या आहारात भाज्या, फळे व अन्य पोषक पदार्थ फारच थोडे होते. यीस्टचा अर्क दिल्यावर त्या सुधारतात, हे विल्स यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य कोणते, हे तेव्हा ठाऊक नव्हते. पुढे १९४१ साली अमेरिकेतील संशोधकांनी पालकाच्या पानांतून एक आम्ल वेगळे केले आणि लॅटिन भाषेत पानाला ‘फोलियम’ म्हणतात म्हणून त्याला फॉलिक आम्ल हे नाव दिले. मुंबईच्या त्या स्त्रियांच्या रक्तात ज्याची उणीव होती, त्याचे नावच ‘पानातील आम्ल’ असे आहे. गिरणगावातील त्या मायबहिणींच्या कष्टाचा विचार मनात आणला, तर पालेभाजीची जुडी आपण वेगळ्या आदराने हातात घेऊ.

आपल्या परिचयाच्या चार वनस्पती

आता ओळखीच्या चार वनस्पती घेऊन त्यांचे निरनिराळे भाग पाहू.

*शेवगा.* बाजारात आपण शेवग्याच्या शेंगा विकत घेतो. झाडाची पाने मात्र बहुधा शेळीला जातात. शेंगेत ‘क’ जीवनसत्त्व व तंतू चांगले असतात. परंतु १०० ग्रॅम शेंगांत कॅल्शियम सुमारे ३० मिलिग्रॅम असते, तर तेवढ्याच ताज्या पानांत ते ३०० मिलिग्रॅमहून अधिक असते, म्हणजे दहापट. पानांत प्रथिनेही १०० ग्रॅमला सहा ग्रॅमहून जास्त असतात. पालेभाज्यांत हे प्रमाण वरचे आहे. बीटा-कॅरोटीन तर विपुल असते. कोवळ्या पानांची कांदा व मूगडाळ घालून भाजी होते, ती भाकरीच्या पिठात मळता येतात आणि सावलीत वाळवून केलेली भुकटी वर्षभर वरणात घालता येते. फुलांचीही चण्याच्या पिठात भाजी करतात.

*मुळा.* मुळा घेताना ‘पाला काढून द्या’ असे भाजीवाल्याला सांगणारी मंडळी पुष्कळ आहेत. मुळ्याच्या १०० ग्रॅम गड्ड्यात कॅल्शियम सुमारे ३५ मिलिग्रॅम, तर पाल्यात सुमारे २३० मिलिग्रॅम असते. झाड जून झाल्यावर येणाऱ्या कोवळ्या शेंगा, ज्यांना आपण डिंगऱ्या म्हणतो, त्यांचीही चविष्ट भाजी होते. अशा रीतीने एकच झाड कंद, पान आणि शेंग असे तिन्ही देते.

*लाल भोपळा.* याचा गर बीटा-कॅरोटीनने समृद्ध असतो. त्याचा केशरी रंग हीच त्याची खूण. प्रथिन मात्र त्यात १०० ग्रॅमला जेमतेम एक ग्रॅम असते. आता आतल्या बिया पाहा. वाळलेल्या व सोललेल्या १०० ग्रॅम बियांत सुमारे ३० ग्रॅम प्रथिन आणि सात मिलिग्रॅमहून अधिक जस्त असते. जस्त मुलांच्या वाढीसाठी व जखमा भरून येण्यासाठी आवश्यक आहे. गर घेऊन बिया उकिरड्यावर टाकणे म्हणजे धान्य टाकून चोथा राखण्यासारखे आहे. बिया धुऊन, वाळवून, तव्यावर भाजल्या की मुले त्या शेंगदाण्यांसारख्या खातात. भोपळ्याचे कोवळे शेंडे आणि फुले हीही भाजीची म्हणून ओळखली जातात.

*हरभरा.* विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांना हरभऱ्याच्या भाजीविषयी सांगणे नलगे. कोवळे शेंडे खुडून त्यांची ताजी भाजी किंवा घोळाणा करतात, पाला वाळवून पुढे पावसाळ्यापर्यंत वापरतात. पुढे ओला हरभरा, मग डाळ, फुटाणे आणि डाळीचे पीठ. वाळलेल्या हरभऱ्यात १०० ग्रॅमला सुमारे १८ ग्रॅम प्रथिन असते. येथे शेतीचेही एक शहाणपण आहे. पीक फुलावर येण्याआधी शेंडे खुडले की झाडाला फांद्या अधिक फुटतात आणि घाटे वाढतात. भाजीही मिळते आणि पीकही सुधारते. फवारणी झालेल्या शेतातील शेंडे मात्र खुडू नयेत.

या चारांखेरीज आणखी पुष्कळ उदाहरणे देता येतील. अळूच्या पानांची वडी, देठांची देठी आणि कंदाची भाजी, केळीचे फळ, केळफूल आणि खोडातील कोवळा पांढरा गाभा, मेथीची पाने आणि मेथीदाणे, अंबाडीचा पाला, हादग्याची फुले, फणसाच्या आठळ्या, दोडक्याच्या शिरांची तीळ घालून केलेली चटणी, कलिंगडाच्या लाल गराखालील पांढऱ्या भागाचे थालीपीठ. फुलकोबीची कोवळी पाने व दांडे, कोबीची बाहेरची हिरवी पाने आणि कोथिंबिरीच्या काड्या हेही खाद्यच होत. कोबीच्या आतल्या पांढऱ्या पानांपेक्षा बाहेरच्या हिरव्या पानांत कॅरोटीन व कॅल्शियम जास्त असते. पोह्यांतून बाजूला काढला जाणारा कढीपत्ताही वाळवून चटणीत कुटला की पोटात जातो.

टाकलेल्या पाल्याचा हिशेब

विद्यार्थ्यांना आम्ही हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवितो. वाचकांनीही तो करून पाहावा. समजा, वसतिगृहासाठी १० किलो मुळा आणला आणि त्याबरोबर ३ किलो कोवळा, खाण्याजोगा पाला आला. गड्ड्यांतील कॅल्शियम झाले सुमारे ३,५०० मिलिग्रॅम. पाल्यातील झाले सुमारे ६,९०० मिलिग्रॅम. म्हणजे पाला फेकला, तर ज्या वस्तूचे पैसे दिले तिच्यातील जवळजवळ दोन तृतीयांश कॅल्शियम कचऱ्यात गेले. १३ ते १५ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशी सांगतात. जेथे प्रत्येक मुलाला रोज पेलाभर दूध देणे परवडत नाही, तेथे हा पाला फेकणे परवडत नाही, असेच म्हटले पाहिजे.

त्याच शिफारशींनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह लागते. त्याच वयाच्या मुलाला २२ मिलिग्रॅम पुरते. तरीही पुष्कळ घरांत आधी मुलगा जेवतो आणि तळाशी उरलेली भाजी मुलीच्या वाट्याला येते. पोषणाचा विचार करताना भाजीत काय आहे याबरोबरच ती कोणाच्या ताटात किती वाढली जाते, हेही पाहिले पाहिजे. आपल्या घरातील वाढणाऱ्या हातांनी हे ध्यानात ठेवावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

गरिबाचे अन्न म्हणून हिणवू नये

येथे एका नाजूक गोष्टीचा उल्लेख करणे आवश्यक वाटते. आपल्या समाजातील आज्या-पणज्या दुसऱ्याच्या शेतात खुरपणी करताना ओट्यात घोळ, तांदुळजा, कुरडू, पाथरी, टाकळा अशा भाज्या खुडून आणीत. पसाभर कण्या आणि मूठभर पाला यांवर त्यांनी घरे तारली. त्या भाज्यांना ‘तण’ म्हणत आणि खाणाऱ्यांना हीन लेखत. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली, तेव्हा पाककृतींच्या पुस्तकांत कधीच न दिसलेले एक मोठे जग मराठी वाचकांपुढे आले.

शिकून नोकरीला लागलेल्या पिढीला त्या अन्नाची आठवण नकोशी वाटणे स्वाभाविक आहे. त्यात उपासमारीची आठवण मिसळलेली आहे आणि त्या उपासमारीचा गौरव करण्याचे कोणालाही कारण नाही. आम्हांलाही मुलांना कण्या आणि पाल्यावर दिवस काढायला लावायचे नाहीत. मुलांना डाळ हवी, अंडे हवे, दूध हवे, फळ हवे. तो त्यांचा हक्क आहे. परंतु अपमान त्या पाल्यात नव्हता. दुसरे काही मिळू न देणाऱ्या व्यवस्थेत तो होता. घोळीच्या पानांत ओमेगा-३ गटातील स्निग्धाम्ल असते आणि तांदुळज्यात कॅरोटीन व फॉलेट असते, हे आजचे विज्ञान सांगते. निरुपाय म्हणून खाणे वेगळे आणि जाणून-समजून निवडणे वेगळे. भरल्या ताटात हा पाला मानाने परत आला, तर ती माघार ठरत नाही. ते शिक्षणाचेच फळ होय.

शिजविण्याची रीत

चांगली भाजीही चुकीच्या रीतीने शिजविली तर तिच्यातील बरेच सत्त्व निघून जाते. काही साधे नियम पाळावेत.

पालेभाजी आधी भरपूर पाण्यात दोन-तीनदा धुवावी आणि नंतर चिरावी. चिरून धुतल्यास पाण्यात विरघळणारी ‘क’ व ‘ब’ गटातील जीवनसत्त्वे पाण्याबरोबर जातात. भाजी झाकण ठेवून, थोड्या पाण्यात, लागेल तेवढाच वेळ शिजवावी. साध्या भाज्यांचे शिजविलेले पाणी फेकू नये, ते आमटीत घालावे. खाण्याचा सोडा टाळावा. त्याने रंग हिरवा राहतो, पण थायमिन व ‘क’ जीवनसत्त्व नष्ट होते.

कॅरोटीन शरीरात शोषले जाण्यास थोड्या स्निग्धतेची गरज असते. म्हणून पालेभाजीला चमचाभर तेलाची फोडणी किंवा शेंगदाण्याचे कूट असणे हितकारक आहे. वनस्पतींतील लोह शरीराला सहजासहजी मिळत नाही. त्याबरोबर आंबट फळातील ‘क’ जीवनसत्त्व असेल तर ते अधिक शोषले जाते. म्हणून भाजी-भाकरीबरोबर लिंबाची फोड, आवळा किंवा पेरू असावा. उलट, जेवणाबरोबर किंवा जेवण होताच चहा घेतल्यास लोहाचे शोषण कमी होते. चहा तासाभराच्या अंतराने घ्यावा. लोखंडी कढईत, विशेषतः आंबट पदार्थ शिजविले, तर थोडे लोह अन्नात उतरते.

कडधान्ये भिजवून मोड आणल्याने त्यांतील फायटेट हे लोह व जस्त अडवून धरणारे द्रव्य कमी होते आणि कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेले ‘क’ जीवनसत्त्व तयार होते. पीठ चाळून कोंडा टाकू नये. काकडी, गाजर, बटाटा यांच्या साली स्वच्छ धुऊन ठेवता येत असतील तर सोलू नयेत.

पालक, चाकवत, माठ आणि बीटचा पाला यांत ऑक्झॅलेट अधिक असल्याने त्यांतील कॅल्शियम फारसे शोषले जात नाही. मोहरी, मुळा आणि कोबी यांच्या कुळातील पानांत हा अडथळा पुष्कळ कमी असतो. यासाठी एकाच पालेभाजीवर भर न देता ती बदलत राहावी.

सावधगिरी

वनस्पतीचा एक भाग खाद्य आहे म्हणून तिचे सर्वच भाग खाण्याजोगे असतात, असा समज धोकादायक आहे. बटाटा आपण खातो. पण त्याची पाने, तसेच हिरवा पडलेला भाग आणि त्यावरील कोंब यांत सोलॅनिन हे विषारी द्रव्य असते. टोमॅटोची पानेही खाऊ नयेत. शेवग्याची मुळे व साल खाण्यात वापरू नये. सफरचंद व जर्दाळू यांच्या बियांतील द्रव्यापासून पोटात सायनाइड तयार होते, म्हणून त्या चावून खाऊ नयेत. राजमा भिजवून, ते पाणी टाकून, पूर्ण उकळून शिजवावा. कच्चट राजम्याने उलट्या-जुलाब होतात. दुधी भोपळा कडू लागला तर तो लगेच टाकून द्यावा. कडू दुधीच्या रसाने गंभीर विषबाधा होते. अळूने घशाला खाज सुटते ती त्यातील सुईसारख्या सूक्ष्म स्फटिकांमुळे. म्हणून ते नीट शिजवावे आणि चिंच किंवा आमसूल घालावे. रानभाजी व रानकंद पूर्ण ओळख असणाऱ्या जाणत्या माणसाकडूनच घ्यावेत. मूतखडा व मूत्रपिंडाचे विकार असणाऱ्यांनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी पालेभाज्यांच्या प्रमाणाबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. रक्तक्षय जडला असेल तर केवळ पालेभाजीने तो बरा होत नाही. शाळांमधून १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोह व फॉलिक आम्लाची निळी गोळी दिली जाते. ती टाळू नये. रक्ताची तपासणी व जंतांचे औषध यांकडेही दुर्लक्ष करू नये. आहार हा औषधाचा सोबती आहे, त्याला पर्याय नाही.

घराघरांत करता येण्याजोगे

हा सारा अभ्यास व्यवहारात आणण्यासाठी फार खर्च लागत नाही. आठवड्याचे दिवस आणि वनस्पतीचे भाग यांची सांगड घालावी. सोमवारी भाकरीबरोबर पालेभाजी, मंगळवारी मोड आलेले कडधान्य, बुधवारी कंदमूळ आणि त्याचाच पाला, गुरुवारी शेंगभाजी, शुक्रवारी जवस, कारळे किंवा तीळ यांची चटणी, शनिवारी फूल किंवा देठ यांची भाजी, रविवारी सालीसकट खाता येईल असे ऋतूतील फळ. हे भाग रोजच्या डाळ-भाकरीच्या जोडीला असावेत. दिवस मागेपुढे झाले तरी हरकत नाही. आठवड्यात सर्व भाग ताटात आले की झाले. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या व फळे सुचविली आहेत. ते माप गाठण्याचा स्वस्तातील मार्ग म्हणजे विकत घेतलेल्या भाजीतील खाण्याजोगे काहीही वाया न घालविणे.

ज्यांच्या घरापुढे हातभर मोकळी जागा आहे, त्यांनी पावसाळ्याच्या तोंडाला शेवग्याची एक फांदी रोवावी. ती सहज मूळ धरते आणि थोड्याच महिन्यांत पाने देऊ लागते. ज्यांना अंगण नाही, त्यांना कुंडीत किंवा जुन्या डब्यात मेथी, कोथिंबीर व घोळ लावता येते. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील अंगणवाडीच्या आणि शाळेच्या आवारात शेवगा व हादगा लावून एक वर्ष त्यांना पाणी घालावे. पुढे ती झाडेच अनेक मुलांच्या ताटात भाजी घालतील. पालकांनी सुट्टीत मुलांना घेऊन आजीकडे बसावे आणि तिला ठाऊक असलेल्या भाज्यांची नावे, त्यांचे खाण्याचे भाग, तोडण्याचा हंगाम आणि शिजविण्याची रीत वहीत लिहून घ्यावी. ती वही शाळेत आणली तर आम्ही ती विज्ञानाच्या तासाला वर्गात वाचू. हे ज्ञान आजीबरोबर संपून जाऊ नये आणि त्याचा लाभ तिच्या नातीच्या रक्ताला मिळावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.